मॉरिशसच्या सागराचे पंचांग

श्रावणी पौर्णिमेस कोकणच्या किनाऱ्यावर समुद्रास नारळ अर्पण करण्यात येतो आणि पावसाळ्यात वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. खवळलेला सागर शांत झाला, माशांची वीण आटोपली, आता दर्यावर जाण्यास हरकत नाही, असा त्या नारळाचा अर्थ. हा संकेत कोणा सरकारने घालून दिलेला नव्हता. पुढे महाराष्ट्र शासनाने १९८१ साली सागरी मासेमारीचा कायदा केला आणि आज १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांस तेथे बंदी असते. परंतु कोळ्यांच्या पंचांगात ही बंदी त्यापूर्वी कित्येक पिढ्या लिहिलेली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रत्नागिरी व आसपासच्या मुलखातील जी कुटुंबे मुंबई बंदरात गलबतावर चढून पोर्ट लुईस उतरली, त्यांनी आपल्या गाठोड्यांबरोबर हे पंचांगही आणले. सण आले, तिथी आल्या, नक्षत्रे आली. मात्र ऋतू आले नाहीत. विषुववृत्ताच्या दक्षिणेस आषाढ हा ऐन हिवाळ्याचा महिना. माघ हा उकाड्याचा आणि वादळांचा. श्रावणी पौर्णिमेस येथे समुद्र शांत होत नाही, उलट आग्नेयेकडून येणारा वारा त्या सुमारास पूर्ण जोरात असतो. नव्या भूमीवर उसाच्या मळ्यात राबणाऱ्या या लोकांपैकी बहुतेक जण मुळात शेतकरी होते, दर्यावर्दी नव्हते. त्यामुळे सागराचे पंचांग उलटे झाले याची त्यांना फारशी झळ लागली नसेल. तथापि त्यांच्या नातवंडांपणतवंडांपैकी ज्यांनी गळ, जाळे किंवा होडी हाती घेतली, त्यांना ते नव्याने शिकावे लागले.

येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जून ते ऑगस्ट या काळात मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर जो वारा आदळतो आणि कोकणात त्याच महिन्यांत पाऊस घेऊन जो वारा येतो, ते दोन वारे परके नाहीत. दक्षिण हिंदी महासागरात मॉरिशस-रेयुनियनच्या दक्षिणेस हवेच्या उच्च दाबाचे एक विस्तीर्ण क्षेत्र असते. या बेटांच्याच नावावरून हवामानशास्त्रज्ञ त्यास मास्करीन उच्चदाब म्हणतात. तेथून निघालेले आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन सह्याद्रीस भिडतात. म्हणजे माहेबूर्गचा होडीवाला ज्या वाऱ्यास शिव्या देत होडी बांधून ठेवतो, त्याच वाऱ्याच्या पुढल्या टप्प्यामुळे मालवणचा कोळी आपली होडी वाळूवर ओढून ठेवतो.

मॉरिशस बेटाचा किनारा सुमारे ३२२ किलोमीटर लांबीचा आहे. त्याच्या बऱ्याच भागास प्रवाळाच्या कड्याने वेढलेले असून कडा व किनारा यांमधील उथळ, शांत पाण्यास लगून म्हणतात. हे लगून सर्व मिळून सुमारे २४३ चौरस किलोमीटर भरते. दक्षिणेस सुइयाक येथील ग्री-ग्रीच्या बाजूस मात्र कडाच नाही, आणि तेथे समुद्र थेट खडकांवर येऊन फुटतो. भरती-ओहोटीतील अंतर जेमतेम अर्ध्या मीटरचे; कोकणच्या खाड्यांमध्ये दोन-चार मीटर पाणी चढता-उतरताना पाहिलेल्या माणसास ही ओहोटी ओहोटीच वाटू नये. पण लगून इतके उथळ आहे की तेवढ्या अर्ध्या मीटरनेही प्रवाळाचे माथे उघडे पडतात आणि हातात लोखंडी आकडी घेतलेली माणसे त्यांवरून चालू लागतात.

या पाण्याचा पहिला लिखित इतिहास हा संपत्तीचा आणि तिच्या विध्वंसाचा आहे. १५९८ सालच्या सप्टेंबरात वायब्रांट व्हान वार्वेक याच्या हाताखालील डच जहाजे आजच्या ग्रां पोर्टच्या उपसागरात शिरली. डोडो पक्ष्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या काळच्या खलाशांनी जे खाल्ले त्यात प्रचंड भूकासवे होती, समुद्रकासवे होती, मासे होते आणि समुद्रगायही होती. समुद्रगाय म्हणजे डुगाँग, उथळ पाण्यातील सागरी गवतावर चरणारा निरुपद्रवी सस्तन प्राणी. १६९१ ते १६९३ या काळात रॉड्रिग्स बेटावर राहिलेल्या फ्रांस्वा लेगा या फ्रेंच निर्वासिताने तिचे कळपच्या कळप मेंढरांप्रमाणे चरत असल्याचे आणि ती मारण्यास अगदी सोपी असल्याचे नमूद करून ठेवले आहे. डच १७१० साली बेट सोडून गेले, फ्रेंच आले, आणि अठराव्या शतकातच हा प्राणी मॉरिशस व रॉड्रिग्सच्या पाण्यातून नाहीसा झाला. तिला मारण्याचा कोणताही हंगाम नव्हता, म्हणजेच बारा महिने हंगाम होता. डोडोचे चित्र आज देशाच्या राजचिन्हावर आहे. समुद्रगायीची कोणास आठवणही नाही. विध्वंसाच्या बाबतीतही कोणाच्या वाट्यास कीर्ती यावी आणि कोणाच्या येऊ नये, याचा काही नियम दिसत नाही.

फ्रेंच अमलात या पाण्याकडे पाहण्याची दुसरी एक दृष्टी आली. १७६८ साली बूगँव्हीलच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेतून फिलिबेर कॉमेर्सों हा निसर्गशास्त्रज्ञ येथे उतरला आणि पिएर प्वाव्र याच्या आश्रयास राहिला. मादागास्कर व रेयुनियन येथील फेऱ्या वगळता उरलेले आयुष्य त्याने याच बेटावर वेचले. १७७३ साली येथेच त्याचा अंत झाला. माशांची त्याने केलेली वर्णने व चित्रे पॅरिसला पोहोचली आणि पुढे लासेपेद याने १७९८ पासून प्रसिद्ध केलेल्या मत्स्यविषयक ग्रंथात त्यांचा भरपूर उपयोग झाला. विद्वानांनी माशांस लॅटिन नावे दिली, पण बाजारात चालली ती क्रिओल नावे. कापितेन म्हणजे कप्तान, लिकॉर्न म्हणजे कपाळावर शिंग असलेला पुराणातील घोडा, आणि कोर्दोन्ये म्हणजे चक्क चांभार. या तिसऱ्या माशाच्या परांचे काटे विषारी असतात व ते आरीसारखे टोचतात. ज्याने हे नाव ठेवले त्यास तो अनुभव आला असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. खडकाप्रमाणे दिसणाऱ्या आणि पाय पडल्यास असह्य वेदना देणाऱ्या माशास येथे लाफ म्हणतात. अनवाणी लगूनमध्ये उतरू नये, हा धडा बहुतेक मुलांना याच माशाच्या भीतीने शिकवला जातो.

१८३५ साली गुलामगिरी संपुष्टात आली आणि मळे सोडून गेलेल्या मुक्त लोकांपैकी पुष्कळांनी किनारा गाठला. जमीन त्यांच्या मालकीची नव्हती. समुद्र कोणाच्याच मालकीचा नव्हता. बांबूचे विणलेले पिंजरे, गळ, आकडी, छोटी पिरोग होडी आणि सेन नावाचे लांबलचक जाळे, ही त्यांची साधने. हे सेन म्हणजे कोकणातील रापणीचे भावंडच होय. फरक एवढाच की रापण किनाऱ्यावरून अनेक हातांनी ओढली जाते आणि सेन बहुधा लगूनच्या पाण्यातच होड्यांच्या साहाय्याने आवळले जाते. मासळी विकत घेऊन शहरात पोहोचविणाऱ्या दलालास येथे बनियान म्हणतात. या शब्दातला वाणी कोणत्याही भारतीय वाचकास ओळखू येईल. होडीस, जाळ्यास व इंजिनास लागणारी उचल बहुधा याच दलालाकडून मिळते आणि तिच्या बदल्यात मासळीवर त्याचा हक्क राहतो. सावकार आणि कूळ यांचे जे नाते देशावरच्या शेतीत होते, तेच येथे खाऱ्या पाण्यावर उभे राहिले. हंगाम बंद ठेवण्याची गोष्ट निघाली की कोळ्याच्या कपाळावर आठी का चढते, हे या उचलीचा विचार केल्यावाचून समजणार नाही. मासे थांबतात, समुद्र थांबतो. कर्ज थांबत नाही.

आता वादळांविषयी. सागरावर जाणाऱ्यास माशांच्या हंगामाहूनही अधिक महत्त्वाचा असा जो हंगाम, तो नोव्हेंबर ते मध्य मे हा चक्रीवादळांचा. त्याच्या अभ्यासाच्या इतिहासात मॉरिशसचे स्थान फार मोठे आहे, पण शाळेच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख फारसा होत नाही. फेब्रुवारी १८४५ मध्ये चार्ल्स हेडल नावाचे एक जहाज मॉरिशसहून मस्कतकडे निघाले असता वादळात सापडले आणि वाऱ्यापुढे धावत सुटले. वाऱ्यापुढे पळालो म्हणजे वादळातून बाहेर पडू, अशी कप्तानाची समजूत. प्रत्यक्षात जवळजवळ पाच दिवस ते जहाज एकाच केंद्राभोवती पुन:पुन्हा वर्तुळे काढीत राहिले. त्याच्या रोजनाम्याचा अभ्यास कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन याने केला आणि अशा वादळास सर्पाच्या वेटोळ्यावरून सायक्लोन हे नाव सुचविले. १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या त्याच्या ग्रंथातून ते नाव जगभर रूढ झाले.

त्याच १८४८ साली चार्ल्स मेल्ड्रम नावाचा एक तरुण स्कॉट गणिताचा अध्यापक म्हणून पोर्ट लुईच्या रॉयल कॉलेजात आला. येथे येण्यापूर्वी दोन वर्षे तो मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होता. म्हणजे ज्या मुंबई बंदरातून मराठी कुटुंबे आली, त्याच मुंबईहून हा शिक्षकही आला. कुटुंबे ऊस लावण्यास गेली आणि हा वारा मोजण्यास बसला. १८५१ साली त्याच्या पुढाकाराने मॉरिशसची हवामानशास्त्र परिषद स्थापन झाली. पोर्ट लुई हे तेव्हा गजबजलेले बंदर. केपकडून, भारताकडून, ऑस्ट्रेलियाकडून येणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या रोजनाम्यात वारा, वायुभार व स्थान यांच्या नोंदी असत. मेल्ड्रमने त्या नोंदी वर्षानुवर्षे उतरवून घेतल्या आणि एकाच दिवशी महासागराच्या निरनिराळ्या भागांत काय चालले होते, याचे चित्र जुळविले. त्यातून त्याने दाखवून दिले की वादळातील वारे शुद्ध वर्तुळात वाहत नसून केंद्राकडे आत वळत जातात. हा भेद विद्वानांच्या वादाचा वाटेल, पण तो जीवनमरणाचा होता. वारे वर्तुळाकार मानले तर केंद्र कोणत्या दिशेस आहे याचा हिशेब चुकतो, आणि वादळापासून दूर पळणारे जहाज नेमके त्याच्या तोंडात जाते. १८६२ साली तो सरकारी हवामान निरीक्षक झाला. १८७० साली राजपुत्र आल्फ्रेड याच्या हस्ते पांप्लमूस येथे कोनशिला बसविण्यात आलेल्या वेधशाळेचा तो प्रमुख होता.

एवढे असूनही २९ एप्रिल १८९२ रोजी, हंगाम सरला अशा समजुतीत लोक असताना आलेल्या वादळाने काही तासांत पोर्ट लुईचा मोठा भाग उद्ध्वस्त केला आणि हजाराहून अधिक माणसे मेली. मेल्ड्रम त्या वेळी वेधशाळेवरच होता. हंगामाच्या सीमारेषा माणसांनी आखलेल्या असतात, हे त्या दिवसाइतके स्पष्टपणे या बेटास क्वचितच कळले असेल. १९६० साली जानेवारीत आलिक्स व फेब्रुवारीत कॅरोल अशी दोन वादळे लागोपाठ आली आणि त्यानंतर येथील घरबांधणीचाच कायापालट झाला. गवताने व पत्र्याने शाकारलेल्या घरांच्या जागी सिमेंटची घरे उभी राहिली. सध्या वादळाचे इशारे चार वर्गांत दिले जातात. ताशी १२० किलोमीटर वेगाचे झोत येण्याच्या ३६ ते ४८ तास आधी पहिला वर्ग जाहीर होतो, आणि तसे झोत प्रत्यक्ष नोंदले गेले की चौथा. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांची वाटणी, लोकांच्या हाती बारा किंवा सहा तासांचा दिवसउजेड उरावा, अशा बेताने केलेली आहे. नुसते तास न मोजता उजेडाचे तास मोजण्याची ही योजना होडीवाल्याच्या गरजेशी चांगली जुळते. अंधारात होडी ओढून बांधता येत नाही. वादळ नसतानाही ज्या दिवशी समुद्र मासेमारीस अयोग्य असतो, त्या दिवसांसाठी नोंदणीकृत मच्छीमारांस सरकारकडून खराब हवामानाचा भत्ता मिळतो.

मासेमारीवर कायद्याची बंधने येत गेली ती टप्प्याटप्प्याने. १९८० चा मत्स्योद्योग कायदा, त्याच्या जागी १९९८ चा मत्स्योद्योग व सागरी संपत्ती कायदा, आणि आता २०२३ चा कायदा. यांतील सर्वांस परिचित असा नियम म्हणजे जाळ्यांच्या बंद हंगामाचा. १ ऑक्टोबरपासून फेब्रुवारीच्या अखेरच्या दिवसापर्यंत लगूनमध्ये मोठी जाळी व गिल जाळी टाकण्यास मनाई असते, कारण उन्हाळ्याच्या या महिन्यांत लगूनमधील पुष्कळ माशांची वीण होते. गळाला ही मनाई नाही. म्हणून सुटीच्या दिवशी खडकावर बसून गळ टाकणाऱ्या हौशी माणसास नोव्हेंबरातही कोणी उठवीत नाही. मराठी घरांत हा काळ लक्षात ठेवणे सोपे आहे. नवरात्राच्या आगेमागे जाळी बंद होतात आणि महाशिवरात्रीची ग्रां बासँची पदयात्रा आटोपते त्या सुमारास ती पुन्हा उघडतात.

नियम चांगला असला तरी तो एकटा पुरेसा पडला नाही. मोठ्या जाळ्यांची संख्याच कमी व्हावी म्हणून सरकारने ती मोबदला देऊन विकत घेण्याची योजना आखली. पाण्याखाली बंदुकीने मासे मारण्यास बंदी घातली. अंडी धरलेली शेवंड व खेकडे पकडण्यास मनाई केली. १९८० च्या दशकापासून कड्याबाहेर खोल समुद्रात नांगरलेले तरंगते ताफे ठेवण्यात आले. अशा तरंगत्या वस्तूच्या सावलीत लहान मासे जमतात, त्यांच्यामागे कुपा येतो, आणि लगूनवरचा भार थोडा हलका होतो, अशी ती कल्पना. ब्लू बे व बालाक्लावा ही क्षेत्रे सागरी उद्याने म्हणून राखून ठेवण्यात आली. त्यांपैकी ब्लू बेस २००८ साली रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

या सर्व उपायांत सर्वांत बोलका प्रयोग ऑक्टोपसचा होय, आणि तो मॉरिशसने नव्हे तर रॉड्रिग्सने प्रथम केला. क्रिओल भाषेत या प्राण्यास ऊरित म्हणतात. रॉड्रिग्सचे लगून बेटाच्या मानाने अतिशय विस्तीर्ण आहे. ओहोटीच्या वेळी आकडी किंवा भाला घेऊन, गुडघाभर पाण्यात तासन् तास वाकून ऊरित शोधणाऱ्या स्त्रिया हे तेथील जुने दृश्य. पकडलेले ऊरित काठ्यांवर पसरून उन्हात वाळवतात. हा उद्योग गरिबांचा आणि विशेषतः बायकांचा. त्यास ना होडी लागते ना इंजिन. परंतु वर्षानुवर्षे आकार घटत गेला, पायपीट वाढत गेली. तेव्हा २०१२ साली ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात दोन महिने ऊरित पकडणे संपूर्ण बंद ठेवण्यात आले. त्या दोन महिन्यांत या लोकांनी खायचे काय, हा प्रश्न टाळण्यात आला नाही. किनाऱ्याची सफाई व तत्सम कामे देऊन त्यांना मजुरी मिळेल अशी व्यवस्था झाली.

दोन महिन्यांनी काय फरक पडणार, अशी शंका कोणासही यावी. उत्तर त्या प्राण्याच्या आयुष्यातच आहे. ऊरित फार अल्पायुषी असते. साधारण वर्ष-दीड वर्षात त्याचे जीवन संपते. मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते, बिळात बसून ती फुटेपर्यंत त्यांची राखण करते, या काळात खाणे सोडते आणि नंतर मरते. पण तेवढ्या थोड्या आयुष्यात त्याची वाढ विलक्षण वेगाने होते. त्यामुळे जे पिलू ऑगस्टात पकडले असता मूठभर मांस देते, तेच ऑक्टोबरात कित्येक पटींनी जड झालेले असते, आणि दरम्यान अंड्यांवर बसलेल्या माद्यांनाही उसंत मिळालेली असते. बंदी उठल्यावर रॉड्रिग्सच्या स्त्रियांच्या हाती आलेले ऊरित पूर्वीपेक्षा मोठे होते. उपदेशापेक्षा हा पुरावा अधिक उपयोगी पडला. २०१६ पासून मॉरिशस बेटावरही १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर अशी ऊरितबंदी सुरू झाली.

या तारखांत एक मौज आहे. कोकणात नारळी पौर्णिमेने समुद्र उघडतो, आणि येथे त्याच सुमारास ऊरितसाठी बंद होतो. गणेशचतुर्थी तर दर वर्षी या बंदीच्या काळातच येते. ज्या दिवशी मिरवणुका वाजतगाजत किनाऱ्यावर पोहोचतात, त्या दिवशी गुडघाभर पाण्यातील प्रवाळाच्या भोकांत या माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात. मूर्ती शाडूची की प्लास्टरची, रंग कोणता, निर्माल्य पाण्यात की टोपलीत, हे प्रश्न अलीकडे मंदिरांच्या सभांतून निघू लागले असतील तर ते अकारण नव्हेत. विसर्जनासाठी निवडले जाणारे शांत उथळ पाणी हेच नेमके जीवांच्या पाळण्याचे पाणी होय.

कड्याबाहेरचा समुद्र हा निराळा विषय आहे आणि त्याची चर्चा बहुधा पाहुण्यांच्या सोयीसाठी होते. पश्चिमेस ल मोर्न व ब्लॅक रिव्हर येथे कड्यापासून थोड्याच अंतरावर समुद्रतळ शेकडो मीटर खोल जातो, त्यामुळे महासागरातील मोठे मासे किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मार्लिनचा काळ. मार्च-एप्रिलच्या सुमारास पिवळ्या पराचा कुपा. या पाण्यात १६ नोव्हेंबर १९८८ रोजी गळाने धरलेला १,११५ पौंडांचा माको शार्क बरीच वर्षे जागतिक विक्रम म्हणून नोंदलेला होता. शौकिनांच्या दृष्टीने हा सुवर्णकाळ. मात्र तोच चक्रीवादळांचाही काळ आहे, हे जाहिरातींतून सांगितले जात नाही. जुने होडीवाले कुप्याचा थवा शोधण्यासाठी पाण्याकडे न पाहता आकाशाकडे पाहतात. समुद्रपक्षी जेथे घिरट्या घालून सूर मारतात, तेथे खाली लहान माशांचा व त्यांच्याखाली कुप्याचा घोळका असतो.

हिवाळ्यात, जुलै ते नोव्हेंबर, अंटार्क्टिकाकडून हंपबॅक देवमासे या उबदार पाण्यात वीण घालण्यास व पिले वाढविण्यास येतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन देवमासेमारीची जहाजे पोर्ट लुईस अन्नपाणी घेण्यास थांबत. त्यांनी या महासागरात किती संहार केला याची गणती करणे कठीण. १९६३ पासून दक्षिण गोलार्धातील हंपबॅकला संरक्षण मिळाले आणि १९७९ साली सेशेल्सच्या प्रस्तावावरून हिंदी महासागर हे देवमाशांचे अभयारण्य जाहीर झाले. पश्चिम किनाऱ्यापुढील खोल पाण्यात स्पर्म देवमाशांच्या माद्या पिलांसह वर्षाचा बराच काळ दिसतात, आणि तामारँच्या उपसागरात सकाळच्या वेळी डॉल्फिन विसाव्यास येतात. रात्रभर भक्ष्य शोधून थकलेल्या या प्राण्यांभोवती पंधरा-वीस मोटारहोड्यांनी गराडा घालावा, यात कौतुक कोणते, हे समजणे कठीण आहे. २०१२ च्या नियमांनी डॉल्फिनपासून ५० व देवमाशांपासून १०० मीटर अंतर राखणे बंधनकारक केले. पाण्यावर मात्र रेघ ओढता येत नाही.

२५ जुलै २०२० रोजी संध्याकाळी वाकाशियो हे मालवाहू जहाज पोआँत देस्नीजवळ कड्यावर चढले. ६ ऑगस्टपासून त्यातून तेल गळू लागले. सुमारे एक हजार टन तेल माहेबूर्गच्या बाजूच्या लगूनमध्ये पसरले. उसाचा पाचोळा कापडी पिशव्यांत भरून, त्यांच्या लांब माळा शिवून, गावोगावच्या माणसांनी त्या पाण्यावर तरंगत सोडल्या. ज्या उसासाठी त्यांच्या पूर्वजांस समुद्रापार आणले गेले, त्याचा पाचोळा समुद्र राखण्यास कामी आला. १५ ऑगस्टला, ऊरितबंदी सुरू होण्याच्या त्याच दिवशी, जहाज दुभंगले. महिन्याच्या अखेरीस मेलन-हेडेड जातीचे सुमारे पन्नास छोटे देवमासे आग्नेय किनाऱ्यावर मरून पडले. त्यांच्या मृत्यूच्या कारणाविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. त्या भागातील मासेमारी सरकारने थांबविली आणि ती काही महिने थांबलेलीच राहिली. १ ऑक्टोबर उजाडला, जाळ्यांचा बंद हंगाम नेहमीप्रमाणे जाहीर झाला, परंतु माहेबूर्गच्या किनाऱ्यावर जाळी ऑगस्टापासूनच कोरडी टांगलेली होती.